नळ सोडला तेव्हा

पर्थच्या विमानतळावरून हॉटेलकडे जाताना टॅक्सीवाल्याने विचारलं, कशासाठी आलात? पाणीपुरवठ्याची परिषद आहे, म्हटलं. तो जालंधरकडचा होता, माझी मराठी वळणाची हिंदी ऐकून खुलला. म्हणाला, मग तुम्हाला इथल्या एका इंजिनिअरचा किस्सा सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याने इथल्या डोंगरातल्या धरणापासून थेट वाळवंटातल्या सोन्याच्या खाणींपर्यंत पाइप टाकला. उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. नळ सोडला, तर पाणीच आलं नाही. लोक हसले. तो घोड्यावर बसला, समुद्रात गेला आणि त्याने स्वतःला गोळी घातली. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. "एक दिन रुक जाता बेचारा," असं म्हणून त्याने सिग्नलला गाडी थांबवली.

मी हं हं करत राहिले. नोव्हेंबर २०१८ ची ही गोष्ट. पाण्याच्या खात्यात तेव्हा मला बत्तीस वर्षं झाली होती, आणि नळ सोडण्याच्या समारंभाची एक गोष्ट माझ्याकडेही होती. ती मी तोवर कुणालाही, अगदी घरातही, सांगितली नव्हती.

१९८६ साली मराठवाड्यात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले. सर्व्हेला गेले की गावातल्या बायका लेकरं कडेवर घेऊन यायच्या आणि त्यांचे दंड पुढे करायच्या. त्यांना वाटायचं, डोस द्यायला नर्सबाई आल्या. मी पाण्यासाठी आलेय म्हटल्यावर 'पाण्याच्या बाई' हे नाव पडलं, ते निवृत्तीपर्यंत चिकटून राहिलं. नाव छान आहे, पण खरं नाही. आम्ही पाणी आणत नाही. आम्ही पाइप, पंप, टाकी, खड्डे आणि बिलं आणतो. पाणी येतं की नाही ते नंतर ठरतं, आणि तोवर आमची बदली झालेली असते.

पर्थला जाण्याचं निमित्त होतं लातूरची पाण्याची रेल्वे. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावायची वेळ आली होती. मिरजेहून ११ एप्रिलला पहिली गाडी निघाली, दहा वाघिणींची, वाघिणीत पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून दुसऱ्या दिवशी पहाटे ती लातूरला लागली, तेव्हा फलाटावर लोक हार घेऊन उभे होते. इंजिनाला हार घातलेला मी त्या दिवशी पाहिला. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. पंचवीस लाख लिटर! वर्तमानपत्रांना हा आकडा फार आवडला. पाच लाखांकडे झुकलेल्या शहराला तो भागला, की माणशी पाच लिटर उरतं. अर्धी कळशी. स्टेशनाजवळच्या विहिरीत ते पाणी उतरवून घेऊन पुढे शुद्धीकरणाला पाठवण्याच्या कामावर मी काही आठवडे होते. झोप अशी नव्हतीच. पण एक सांगते, माझ्या नोकरीतले तेच दिवस असे होते, की जे पाणी मोजलं ते खरोखर आलेलं होतं.

त्यावर मी एक निबंध लिहिला आणि तो तिकडे स्वीकारला गेला. परदेशी जाण्याच्या परवानगीची फाइल चार महिने फिरली आणि निघायच्या दोन दिवस आधी सहीसकट परत आली. फाइलीवर एका टेबलाने शेरा मारला होता: 'ऑस्ट्रेलिया येथे जाण्याचे प्रयोजन स्पष्ट करावे.' सिंगापूरमार्गे गेले. शेंगदाण्याची चटणी नेली होती, ती फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिली. तिथल्या अधिकारी बाईने पुडी उघडून वास घेतला, दोनदा शिंकली आणि मला जाऊ दिलं.

पर्थमध्ये मी पहिल्या संध्याकाळीच जी गोष्ट केली ती आमच्या धंद्यातला कुणीही करील. नळ सोडला आणि घड्याळ लावून पेला किती वेळात भरतो ते पाहिलं. चौदाव्या मजल्यावर दाब उत्तम होता. मग खाली जाऊन फुटपाथवर मीटरच्या पेट्या बघत हिंडले. नदीकाठी काळे हंस होते. लोक त्यांचे फोटो काढत होते आणि मी हायड्रंटचे.

हे शहर समुद्राकाठचं, हिरवळीचं, आणि पावसाच्या हिशेबात लातूरचं सख्खं भावंड आहे. दोन्हीकडे वर्षाला सातशे-आठशे मिलीमीटरच्या आसपास. फरक एवढाच, की त्यांचा पाऊस हिवाळ्यात, मे ते ऑगस्टमध्ये पडतो. १९७० च्या दशकापासून त्या भागातला पाऊस साधारण पंधरा-वीस टक्क्यांनी घटला. धरणात वाहून येणारं पाणी मात्र ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी झालं. सामान्य माणसाला हा हिशेब चुकीचा वाटेल. आम्हाला तो लगेच कळतो: तहानलेली जमीन आधी स्वतः पिते, भूजल खाली गेलेलं असतं, ओढे वाहायलाच लागत नाहीत. मांजरेच्या खोऱ्यात हेच होतं, फक्त आम्ही त्याला दरवर्षी 'यंदा पावसाने दगा दिला' म्हणतो.

तिथे त्यांनी २००६ साली क्विनानाला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना सुरू केला, मग दक्षिणेला त्याहून मोठा दुसरा. २०१७ पासून सांडपाणी पिण्याच्या दर्जापर्यंत शुद्ध करून जमिनीखालच्या खोल थरांत सोडतात, मी गेले तेव्हा वर्षाला चौदाशे कोटी लिटर, पुढे कधीतरी उपसायला. धरणं आता अर्धीअधिक साठवणीच्या टाक्यांसारखी वापरतात. समुद्राचं गोडं केलेलं पाणीसुद्धा त्यांत नेऊन ठेवतात. क्विनानाची सहल परिषदेने घडवली. हजार लिटरला साडेतीन-चार युनिट वीज लागते हे ऐकून आमच्यातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात आपापल्या गावाचं वीजबिल काढलं असणार. मी तरी काढलं आणि गप्प बसले.

मला खरं हसू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिथे घरापुढच्या हिरवळीला फवारे आठवड्यातून दोनच दिवस लावता येतात, तेही घराच्या क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे ठरलेल्या वारी. एक जण मला हे मोठी टंचाई सांगावी तशा सुरात सांगत होता. मी म्हटलं, आमच्याकडेही वार ठरलेले आहेत. तो म्हणाला, हिरवळीचे? मी म्हटलं, पिण्याच्या पाण्याचे, आणि ते आठवड्यातून एकदा आलं तरी लोक खूश असतात. त्याला तो विनोद वाटला.

परिषदेत दीपप्रज्वलन नव्हतं, शाल-श्रीफळ नव्हतं. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला ही भूमी ज्यांची होती त्या व्हाडजक नूंगार लोकांचं स्मरण करायचे. पहिल्या दिवशी मला ते आपल्या स्वागतगीतासारखं वाटलं, म्हणजे उरकायचं काम. पण एका सत्रात कुणीतरी नम्मा दाखवले. वाळवंटी भागात कातळाच्या उघड्या पाठीवर नैसर्गिक खळगे असतात, त्यांत पावसाचं पाणी साठतं. वाफ होऊ नये म्हणून मूळ रहिवासी त्यांच्या तोंडावर दगड, फांद्या ठेवत. आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्यांचे चुलतभाऊच. सोन्याच्या मागे माणसं आणि उंटांचे तांडे आले आणि त्यांनी ते खळगे चाटूनपुसून रिकामे केले. पहिल्यांदा कुणाचं पाणी गेलं, हे सांगितल्यावर मग पाइपलाइनचं भाषण सुरू झालं. हा क्रम मला आवडला.

माझा निबंध दुसऱ्या दिवशी दुपारी होता. बारा मिनिटं आणि तीन मिनिटं प्रश्न. मी चांगलं बोलले, असं मला वाटत होतं. वाघिणींचा फोटो, हार घातलेलं इंजिन, रोजचा आलेख. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक सत्तरीकडे झुकलेली, उन्हाने रापलेली बाई उठली. तिने विचारलं, "गाडी बंद झाल्यावर पुढच्या वर्षी तुम्ही काय केलंत?"

मी म्हटलं, त्या वर्षी पाऊस चांगला झाला.

सभागृह हसलं. चांगल्या मनाने हसलं, मीही हसले. ती मात्र हसली नाही. मान हलवून खाली बसली. सत्र संपल्यावर मला जाणवलं, की मी दिलेलं उत्तर अक्षरशः खरं होतं. २०१६ च्या पावसाळ्यात मांजरा भरलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आमचं नियोजन तेवढंच होतं.

चहाच्या वेळी मी तिला शोधून काढलं. गव्हाच्या पट्ट्यातल्या एका छोट्या गावात ती राहायची आणि टॅक्सीवाल्याच्या किश्श्यातल्या त्याच पाइपलाइनच्या देखभालीवर तिने तीस वर्षं काढली होती. आमचं इंग्रजी एकमेकींना निम्मंच कळत होतं, पण धंद्याची भाषा जुळली. रात्री दोनच्या शांततेत लोखंडी सळई पाइपावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि गळती ऐकायची, हे मी हाताने करून दाखवलं. तिने लगेच तशीच मान तिरकी करून डोळे मिटले. गळतीचा आवाज कसा असतो हे तिने तोंडाने काढून दाखवलं. बरोबर तोच.

टॅक्सीवाल्याचा किस्सा मी तिला सांगितला. ती म्हणाली, सगळे तोच सांगतात, आणि तो साफ खोटा आहे. मग म्हणाली, रविवारी मोकळी असशील तर चल.

त्याआधी शनिवारी मी एकटीच लोकलने फ्रीमँटलला गेले. अर्ध्या तासाचा रस्ता. बंदरावर त्या इंजिनिअरचा पुतळा आहे: चार्ल्स येल्व्हर्टन ओ'कॉनर. आयर्लंडमध्ये १८४३ साली जन्म, न्यूझीलंडमध्ये पंचवीसेक वर्षं नोकरी, १८९१ साली इथे मुख्य अभियंता. बंदरं, रेल्वे, सगळंच त्यांच्या अंगावर टाकलं होतं. हे फ्रीमँटलचं बंदरही त्यांचंच. नदीच्या मुखाशी चुनखडीचा आडवा कातळ होता. मोठमोठ्या तज्ज्ञांनी इथे बंदर नको म्हटलं होतं. ओ'कॉनरनी तो कातळ सुरुंग लावून फोडला, गाळ उपसला आणि १८९७ साली बोट आत घेतली. आजही बंदर तिथेच चालू आहे.

तिथून दक्षिणेला किनाऱ्याने गेलं की त्यांच्या नावाची चौपाटी लागते. काठापासून थोडं आत, लाटांमध्ये, घोडा आणि स्वार उभे आहेत, ब्राँझचे. भरती-ओहोटीप्रमाणे पाणी कधी घोड्याच्या पोटाला, कधी मानेला. मी गेले तेव्हा दुपारचा समुद्रवारा सुटला होता. त्या वाऱ्याला तिथले लोक 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो सुटला की तापलेल्या शहराचा ताप उतरतो. पोरं पुतळ्यापर्यंत पोहत जात होती, घोड्यावर चढून उड्या मारत होती. मला आधी ते खटकलं. मग वाटलं, बरं आहे. हार घालून लोखंडी कठडा बांधण्यापेक्षा बरंच.

रविवारी ती बाई तिच्या धुळकट गाडीतून मला मंडेअरिंगला घेऊन गेली. पर्थपासून चाळीसेक किलोमीटर, डोंगरात. हेलेना नदीवर धरण आणि त्याखाली विटांची, उंच धुराड्याची इमारत: पंपहाउस नंबर एक. आता ते संग्रहालय आहे.

गोष्ट अशी. कूलगार्डीला १८९२ मध्ये आणि कालगूर्लीला १८९३ मध्ये सोनं सापडलं. माणसं हजारोंनी धावली आणि तिथे प्यायला पाणी नव्हतं. खारं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून विकायचे, उंटांवरून आणायचे. विषमज्वराने माणसं मरत होती. ओ'कॉनरनी योजना मांडली: डोंगरातल्या धरणातून रोज पन्नास लाख गॅलन, म्हणजे सव्वादोन कोटी लिटरहून जास्त पाणी, साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास अंतरावर, तीनशे मीटरहून अधिक चढावर, वाटेत आठ पंपहाउसं. खर्च पंचवीस लाख पौंड. अठ्ठावीस फुटांची एक, अशा साठेक हजार तीस इंची पोलादी नळ्या. मी तिथेच उभी राहून हिशेब केला: आमच्या पन्नास वाघिणींच्या नऊ गाड्या दररोज, मिरज-लातूरपेक्षा दोनशे किलोमीटर लांब.

नळ्यांचे सांधे शिशाने भरायचे होते. हे वाचून मला फार जवळचं वाटलं, कारण माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं बिडाच्या पाइपात शिसं ओतणाऱ्या कारागिरांच्या शेजारी उकिडवं बसण्यात गेली. तिथेही कज्जा सांध्यांवरूनच पेटला. हाताने सांधे भरण्याऐवजी यंत्राने भरायचं ठरलं आणि त्या कंत्राटावरून एका वर्तमानपत्राने ओ'कॉनरवर भ्रष्टाचाराचे आरोप केले. रोजची चिखलफेक. पंतप्रधान बदललेले, पाठीशी कुणी नाही. १० मार्च १९०२ ला सकाळी ते नेहमीसारखे घोड्यावर बसून किनाऱ्यावर गेले आणि परत आले नाहीत. तेव्हा योजनाच पूर्ण व्हायची होती. नळ सोडायला अजून दहा महिने होते. २४ जानेवारी १९०३ ला, भर उन्हाळ्यात, कालगूर्लीला समारंभाने नळ सोडला आणि पाणी आलं. पहिल्याच झटक्यात. नळ सोडला आणि पाणी आलं नाही, असं काही झालंच नाही. चौकशीत त्यांच्यावरचे पैशाचे आरोपही टिकले नाहीत.

(पंतप्रधान म्हणजे त्या राज्याचे, आपल्या मुख्यमंत्र्यांसारखे. ज्यांनी त्यांना आणलं होतं ते मेलबर्नला देशाच्या राजकारणात निघून गेले होते. बदली फक्त इंजिनिअरांचीच होते असं नाही.)

त्यांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठीचा मजकूर तिथे वाचला. संधी आणि बदनामीपासून संरक्षण मिळालं असतं तर काम पुरं करता आलं असतं, असं त्यात आहे. आणि शेवटी, सगळं संपवून झाल्यावर, एक सूचना: हेलेना धरणाच्या बाजूच्या भिंतीचं काम ताबडतोब घ्यावं.

मी ती ओळ परत वाचली. त्या बाईशी काही न बोलता बाहेर आले आणि पाइपापाशी जाऊन बसले. पाइप जमिनीवरून जातो, कमरेएवढ्या उंचीवर. हात ठेवला. आत पंपाची थरथर होती.

ती माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, लोक त्याची गोष्ट सांगतात, पुढची सांगत नाहीत. पाइप आधी चरात पुरलेला होता. काही वर्षांत तो गंजला, सांधे गळू लागले, वाटेत बेसुमार पाणी जाऊ लागलं. मग तो मैलोन् मैल उकरून वर काढला, आतून सिमेंटचा थर दिला, सांधे बदलले. शंभर वर्षं कुणी ना कुणी हेच करतंय. त्यांचे पुतळे नाहीत, आणि कुणी त्यांच्यावर खोटे किस्सेही रचत नाही, एवढं बरं आहे, असं म्हणून ती हसली.

मग मी तिला सांगितलं.

२००१ साल. सव्वीस गावांची प्रादेशिक योजना, मी उपअभियंता. धरणात जॅकवेल, तिथून शुद्धीकरण, मग चढावरची मुख्य वाहिनी, गावोगाव जलकुंभ. कागदावर शेवटच्या गावाच्या टाकीत सहा मीटर दाब शिल्लक राहत होता. प्रत्यक्षात वाटेत लोकांनी एअर व्हॉल्व्ह फोडून तिथे जनावरांची हाळं केली होती. अकरा ठिकाणी चोरून जोड घेतले होते. शेवटच्या गावाला पाणी चढेना. उद्घाटन मात्र शेवटच्याच गावात ठरलं होतं, कारण पाहुण्यांची सासुरवाड तिथली. तारीख पुढे ढकलता येणार नव्हती, आचारसंहिता लागणार होती.

आदल्या रात्री साडेअकरा वाजता पाच टँकर आले. टाकी पन्नास हजार लिटरची. डिझेल पंप लावून आम्ही ती पहाटे चारपर्यंत भरली. कुणी मला तसा हुकूम दिला नव्हता. 'बघा काय करता येईल ते,' एवढंच वरून म्हटलं होतं. आमचा व्हॉल्व्हमन, वयाने माझ्या वडलांएवढा, टाकीखाली बिडी ओढत बसला होता. म्हणाला, "पाणी ते पाणीच की बाई. कुठनं आलं ते नळाला काय ठावं."

सकाळी मंडप, लाउडस्पीकर, नारळ. पाहुण्यांनी नळ सोडला आणि धो धो पाणी आलं. एका म्हाताऱ्या बाईने ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं. बायांनी मला पुढे ओढलं आणि भर मंडपात माझी ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मी तो खण शिवला नाही आणि कुणाला दिलाही नाही. कपाटात खालच्या खणात आहे.

तीन दिवसांत टाकी रिकामी झाली. त्यानंतर दोन वर्षांत त्या गावाला वाहिनीचं पाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा गेलं असेल. मग वीजबिलाची थकबाकी झाली, पंपाची वीज तुटली आणि सव्वीसही गावांचं पाणी थांबलं. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होते. पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही माझीच: योजना कार्यान्वित, सव्वीस गावांस पाणीपुरवठा सुरू.

हे सगळं मोडक्या इंग्रजीत सांगायला मला बराच वेळ लागला. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "टाकी किती लिटरची म्हणालीस?"

"पन्नास हजार."

"मग चार दिवस पुरलं असेल."

"तीन," मी म्हटलं. बस्स, एवढंच बोलणं झालं. नंतर परतीच्या रस्त्यावर तिने तिचं सांगितलं. एका कडक उन्हाळ्यात लांबच्या टप्प्यावर न जाताच तिने दाबाचा आकडा नोंदवहीत लिहिला होता, अंदाजाने. आठवड्याने तिथेच पाइप फुटला. गाव दोन दिवस कोरडं राहिलं. त्यानंतर ती प्रत्येक आकड्यापुढे 'पाहिला' किंवा 'ऐकला' असं लिहू लागली. तीस वर्षांच्या नोंदवह्या तिने जपून ठेवल्या होत्या.

परत आल्यावर मी दोनशेपानी वही विकत घेतली. उरलेल्या नोकरीत आणि निवृत्तीनंतरही, जिथे जाईन तिथली बंद पडलेली योजना त्यात लिहायची. फाइलीतून नाही, टाकीखाली जाऊन, जो शेवटचा व्हॉल्व्हमन असेल त्याला विचारून. पहिलं पाणी कधी आलं, शेवटचं कधी आलं, का थांबलं. कारणं फार साधी निघाली. वीजबिल. पंप दोनदा जळला, तिसऱ्यांदा दुरुस्तीला पैसे नाहीत. रस्ता रुंद करताना वाहिनी तुटली आणि कुणाची ती जोडायची यावर पत्रव्यवहार चालू राहिला. विहिरीशेजारी ऊस लागला आणि विहीर आटली. दोन भावकींचं भांडण. व्हॉल्व्हमनचा पगार अकरा महिने थकला. तांत्रिक म्हणावं असं कारण दहात एक. इतकी वर्षं आम्ही दाब, व्यास, घर्षण यांचीच गणितं करत होतो.

नवे अभियंते माझ्याकडे आले की मी त्यांना आधी बंद योजनेवर नेत असे. एक पोरगी म्हणाली, मॅडम, इथे शिकण्यासारखं काय आहे, सगळं तर गंजलंय. मी तिला व्हॉल्व्हमनच्या बायकोशी बोलायला बसवलं. दीड तासाने उठली तेव्हा तिच्याकडे चार पानं भरलेली होती. हे सगळं सगळ्यांना रुचलं असं नाही. आमच्याच एका बैठकीत मी वहीतल्या नोंदी वाचायला घेतल्या, तर 'नकारात्मक सूर नको' म्हणून विषय पुढे ढकलला, तो कायमचा. मला त्याचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण ज्यांनी ढकलला त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, हेही खरं.

२०१९ पासून घरोघरी नळजोडणीची मोठी मोहीम आली. जोडण्यांचे आकडे रोज वर जात होते. मी निवृत्त झाले २०२१ साली, त्याच गडबडीत. माझ्या वहीतल्या काही गावांत जुन्या वाहिनीशेजारीच नवी वाहिनी पडली आहे, जुन्या टाकीच्या सावलीत नवी टाकी. चांगलं आहे, होऊ दे. नवी मंजूर करताना जुनी का बंद पडली हे एका पानात लिहायची सक्ती असती, तर मात्र मला जास्त बरं वाटलं असतं. जोडणी मोजायला सोपी असते. पाणी मोजायला वर्षभर तिथे जावं लागतं.

मागच्या उन्हाळ्यात मी त्या शेवटच्या गावात गेले होते. टाकी उभी आहे, शिडी गेली आहे. ओटी भरणाऱ्यांतल्या एक आजी भेटल्या, त्यांनी ओळखलं. "पाण्याच्या बाई ना तुम्ही?" त्यांना मी टँकरचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आमाला ठावं हाय की. रातभर पंपाचा आवाज येत हुता." मग चहा टाकला.

वहीत आज सदतीस नोंदी आहेत. पहिली त्याच गावाची आहे. टँकर किती, टाकी केवढी, पाणी किती दिवस पुरलं, सगळं लिहिलंय, पुढे 'पाहिलं' असं लिहून. तरुण अभियंत्यांपैकी कुणाला ती उतरवून घ्यायची असेल त्याने जरूर घरी यावं. येताना स्वतःची एक नोंद घेऊन यावी.